अप्पांची पिठाची गिरणी

माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, उदगीरला एका तेलाच्या गिरणीत फिटर होते. आजोबांनी धर्म बदलला तेव्हापासून आमच्या घरानं गावकीची कामं सोडली होती, आणि गावानं आम्हाला. शेत नव्हतं. अप्पांनी मालकाकडून एक जुनं इंजन मिळवलं, बैलगाडीवर घालून ठाणाकुशनूरच्या पलीकडं आमच्या गावी आणलं आणि वस्तीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडात पिठाची गिरणी घातली. गावात तोवर गिरणी नव्हती.

आमच्या वस्तीतल्या बाया आल्या, मुसलमानांच्या गल्लीतल्या आल्या. बाकीचं गाव डोक्यावर टोपली घेऊन, आमच्याच दारावरून, शेजारच्या गावाला दळायला जायचं.

"हितं कामून थांबनात त्या?" माय विचारायची.

"थांबतील. पाय दुखले की थांबतील," अप्पा म्हणायचे.

एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला, पलीकडची वाट बंद झाली, आणि वरल्या गल्लीतल्या बाया गिरणीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक थोराड बाई वयानं मोठ्या असलेल्या अप्पांना म्हणाली, "हे बघ, जवारी आम्हीच वतणार, पीठ बी आम्हीच काढणार. तू नुसतं इंजन चालव. आन् तुझ्या बायकोला भायेर उभं ऱ्हा म्हण."

माय अप्पांकडं बघत राहिली. अप्पांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "व्हय, चालंल."

त्या दिवसापासून माय शेडाबाहेर उभी राहायची. पूर ओसरला तरी बाया येत राहिल्या. आमच्या घरात दोन्ही वेळची चूल पेटू लागली, हेही खरं.

मग एके दिवशी एक नवी सून पीठ भरायला वाकली, आणि तिचा पदर इंजनाच्या पट्ट्यात गेला. गिरणीत कुठं उभं राहावं, कुठून हात घालावा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अप्पांनी झेप घेऊन तो पदर ओढून फाडला. ती मागं पडली, सुटली. अप्पांचा उजवा हात पट्ट्याखाली गेला.

"तेल बंद कर!" ते ओरडले. माय आत धावली, पण इंजन थांबवायला तेल कुठून बंद करायचं तिला ठाऊक नव्हतं. ती इंजनाभोवती नुसती फिरत होती. अखेर अप्पांनीच डाव्या हातानं दाखवलं, तेव्हा इंजन थांबलं.

मी दारात होते. रक्त पिठात मिसळत होतं आणि त्या सुनेची सासू तिला हलवून विचारत होती, "अंगाला हात लागला का गं त्याचा? खरं सांग."

शेजारच्या मुसलमान चाचांनी गाडी जुंपली. औरादहून एका लॉरीनं बीदरला नेलं. तिथं हात कोपराच्या वर कापला.

अप्पा घरी आल्यावर त्या सुनेचा नवरा आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "तुझ्यामुळं वाचली," एवढंच म्हणाला. मायनं तांब्या पुढं केला.

"आत्ताच पिऊन आलोय," तो म्हणाला आणि निघून गेला.

अप्पा मायला म्हणाले, "उद्या गिरणी चालू करायची. तू करायची. टोपलं भायेर ठिवायचं त्यांनी. वतणार तू, काढणार तू. ज्याला चालतंय त्यानं यावं."

इंजन सुरू करायचं हँडल मारायला त्यांनी तिला तोंडी शिकवलं. हँडल उलटं बसून तिचं मनगट सुजलं, ती रडली, परत उठली. वरल्या गल्लीतलं कुणी कितीतरी महिने फिरकलं नाही. आम्ही पुन्हा एका वेळेवर आलो. हळूहळू एकेक टोपलं येऊ लागलं, काही तर सांजेला, तोंडावर पदर ओढून. ती सून मात्र कधीच आली नाही.

पुढं वीज आली, भावानं मोटार बसवली, मिरचीची गिरणी घातली. लोक अप्पांना 'गिरणीवाले' म्हणू लागले. तोवर त्यांची छाती पिठानं भरली होती, चार पावलं चालले की धाप लागायची. शेवटच्या दुखण्यात मी पाठ चोळत होते, तेव्हा मी म्हटलं, "हाताचं लई वाईट झालं, अप्पा."

"हाताचं काय न्हाई," ते म्हणाले. "त्या बाईला मी व्हय म्हणालो, तवा तुझ्या मायनं माझ्याकडं बघितलं व्हतं. ते जायना झालंय डोळ्यापुढनं."

माय तेव्हा गिरणीत होती. हे तिला सांगू का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून निजले.