बेहड्याच्या ढोलीतली

बाबली साठीला आला, पण त्याने मादीवर कधी बार टाकला नव्हता. ठासणीची बंदूक बापाकडून आली, तशी ही रीतही बापाचीच: पोटात काय आहे ते कळत नाही, तेव्हा बार नरावर. आणि नर ओळखण्यात त्याचा हात धरील असा पंचक्रोशीत कोणी नव्हता. रानात एकटा धुसफुसत हिंडणारा डुक्कर नर, पिल्लांच्या घोळक्यासकट चालणारी मादी, हे तो झाडीआडच्या नुसत्या आवाजावरून सांगे. बाजारात खेकड्यांच्या टोपलीतली कुर्ली उलटी करून पोटावरची झडप बघे. अरुंद तर नर, रुंद तर मादी. मादी असली तर परत टोपलीत.

"बाबलीनू, घेवची तर घेवा," मासेवाली फिसकारायची. "माझ्या कुर्ल्यांची पोटां कित्याक तपासतात? डाक्टर आसात?"

यंदा शिमग्यानंतर त्याच्या बायकोचे, सुगंधाचे, गुडघे असे सुजले की ती न्हाणीपर्यंत बसून सरकत जायची. गोळ्या झाल्या, निगडीच्या पाल्याचा शेक झाला. मग शेजारचा सत्यवान, जो नारळ पाडायची कामं करतो, तो म्हणाला, "धनेशाचा तेल लाव. माझी म्हातारी आवस दोन म्हयन्यात उबी ऱ्हवली."

"कायद्यात बसना नाय रे."

"आणि डुकर मारतंस तेव्हा कायदो म्हायेराक जाता?"

दुसऱ्या दिवशी बाबली देवाच्या रायीत गेला. वडावर एकटाच धनेश फळं टिपत होता. बाबलीने घाई केली नाही. चोचीवरच्या शिंगाची मागची कड काळी होती, डोळ्याभोवतीची कातडीही काळीनिळी. मादीची तिथे पांढरट असते. नर होता. बार टाकला, आणि पाखरू फांद्यांवर आपटत खाली आलं.

मागीलदारी सोलायला बसून गळ्याला सुरी लावली, तशी वडाची फळं बाहेर पडली. मूठभर. अख्खी, ताजी, एकही पोटात न उतरलेलं. बाबलीचा हात तिथेच थांबला.

"काय झाला?" सुगंधाने उंबऱ्यावरून विचारलं.

"ह्यो खाय नाय होतो गो. घेवन जाय होतो."

या दिवसांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपल्याच विष्ठेने आतून दार लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. आत अंडी घालते, पंखांची पिसं गाळते, म्हणजे उडायचीही सोय नाही. नर आणील ते तिने आणि पिल्लांनी खायचं. बाबलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. डोळ्याभोवतीची कातडी बघितली आणि महिना बघायचा राहिला.

"माझ्या ढोपरांपायी तुमी तिचो घोव मारल्यात?" सुगंधा म्हणाली. "माका नको ता तेल. फारेस्टवाल्यांक सांगा, ते काडतले तिका."

"आणि नर खंय गेलो म्हणान सांगू?"

त्याने पाखरू मागीलदारच्या माडाखाली पुरलं आणि ढोली शोधायला निघाला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एका बेहड्याच्या बुंध्याशी पांढरे शिंतोडे आणि बियांचा सडा दिसला. वर तीन पुरुष उंचीवर फट होती.

सत्यवानाने बांबूची शिडी लावली आणि बाजूला झाला. "मारलंस तू. चढ तूच."

बाबलीने फटीतून वडाचं फळ आत सरकवलं. चोच आली ती थेट बोटावर. रक्त आलं. आत पिल्लं किरकिरत होती.

पुढले तीन दिवस तो रोज सकाळी ओटीभर फळं घेऊन चढला.

"खाता काय?" सत्यवान खालून विचारी.

"घेता. परत टाकना नाय."

पण किरकिर रोज बारीक होत गेली. चौथ्या दिवशी त्याने कोयत्याच्या टोकाने वीतभर लिंपण फोडलं. आत मादी होती, पंखांची मोठी पिसं गेलेली, छातीचं हाड वर आलेलं. तिच्या पायाशी एक पिल्लू मेलेलं, एक हलत होतं. त्याने हात घातला तशी ती सगळी चोच उघडून अंगावर आली. शिडी डगमगली. उद्या पोतं घेऊन येऊ, म्हणून तो उतरला.

सकाळी वर जाऊन बघतो तर भोक बुजलेलं. लिंपण ओलं होतं, आणि त्यात वडाच्या फळांचा लगदा होता, बियांसकट. एवढ्या दिवसांत त्याने आत सरकवलेल्या फळांतलं तिने किती खाल्लं देव जाणे. उरलेल्या सगळ्याने तिने त्याच्यासाठी दार लावून घेतलं होतं.

आता हे परत फोडायचं त्याच्याने होईना. तो तसाच उतरला आणि वनखात्याच्या कचेरीत गेला. "रायीत धनेशाची मादी अडकली आहे," एवढंच बोलला. तिथला गार्ड दुसऱ्या गावी पंचनाम्याला गेला होता. तो आला तिसऱ्या दिवशी.

गार्ड शिडीवर चढला, तेव्हा फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येत होती. त्याने लिंपण काढलं, आत बॅटरी मारली. मग खाली उतरून पिशवीतून कागद काढला.

"मादी आणि दोन पिल्लं," तो म्हणाला. "नर कुठे तारेला चिकटून मेला असेल. तो काही आता सापडत नाही. तीन लिहितो."

सत्यवान जमिनीकडे बघत राहिला. गार्डने पेनाचं टोपण काढलं.

"चार लिवा, साहेब," बाबली म्हणाला. "नर माझ्या मागीलदारी पुरला आहे. चला, दाखवतो."