चढावरची परीक्षा

चादरवाले म्हणजे इस्पितळांच्या आणि लॉजच्या मळक्या चादरी गोळा करून धुलाईच्या कारखान्यात टाकणारे आणि धुतलेल्या परत पोचवणारे गृहस्थ. बावीस वर्षं एकच डिझेलचा टेम्पो आणि शेजारच्या सीटवर बायको. ती गाठोडी बांधायची, हे उचलायचे. दिवसाकाठी तीस-पस्तीस थांबे. संध्याकाळी दोघंही इतकी दमलेली असायची, की भांडायचंही जिवावर यायचं.

अखेर टेम्पोनं मान टाकली. नवा कुठला घ्यायचा? चुकीचा निघाला तर उरलेली कामाची वर्षं त्याच्याशीच झगडण्यात जाणार, एवढं त्यांना कळत होतं.

गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "काका, तुमचं सगळं जवळजवळचं, थांबत-थांबत. डिझेलचं इंजिन नीट तापतच नाही. नव्या डिझेल गाड्यांचे धुराचे फिल्टर चोंदतात त्यानं. पेट्रोल घ्या."

"पेट्रोलला ओढ नाही. इस्पितळाच्या चढावर जीभ बाहेर काढेल."

सांगोवांगीवर त्यांचा विश्वास नव्हताच. गाडी पारखायची त्यांची रीत ठरलेली होती: माल पुरता भरायचा, चढावर मधोमध थांबायचं आणि तिथून निघायचं. मागं सरकली की नापास. म्हणून पेट्रोलची गाडी एक दिवसासाठी मागून आणली.

चढावर गाडी थांबली. निघताना जराशी कुंथली, पण बोटभरही मागं आली नाही. चादरवाल्यांना ते काही फारसं आवडलं नाही. मिस्त्री बरोबर ठरणार म्हणजे काय!

वरच्या सपाट रस्त्यावर गतिरोधक लागला आणि एक बारीक, दबका आवाज आला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. चादरवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे हलवून पाहिले, दारं आपटली. कुठं काही नाही. निघाले, तर पुन्हा तेच.

"ऐकलंस? काहीतरी ढिलं आहे हिचं."

"गाडीचं नाही हो," बायको म्हणाली. "मीच कण्हतेय. कंबर."

"कधीपासून?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"मग बोलायचं नाही का?"

"बोलले की कितीदा. तुम्ही मान हलवायचात."

त्यांना आठवलं. डिझेलच्या त्या धडधडाटात ती काय म्हणते ते कधी ऐकूच यायचं नाही. दर वेळी 'काय? काय?' कोण करणार, म्हणून ते सरसकट मान हलवायचे. अंगात त्राण नसलं की होकार सोपा पडतो. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पेट्रोलचीच घेऊ," ते म्हणाले.

पुढं गतिरोधक आला. त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली आणि एकेक चाक जपून वर चढवलं. तरी आवाज आलाच.