येळवसची गादी

शिंदाळवाडीत वाघ पांघरून उभा असलेला बैल दिसला, की तो ग्यानोबाचा, हे पार जळकोटपर्यंत लोकांना ठाऊक. झालं असं, की मागच्या थंडीत थोरल्या हरिओमनं उदगीरहून आईसाठी वाघाचं चित्र असलेलं मऊ ब्लँकेट आणलं. ग्यानोबाच्या बायकोनं, सिंधुआक्कानं, ते उलटंपालटं करून पाहिलं, लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि संध्याकाळी गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर टाकलं. लेक बघतच राहिला, तर म्हणाली, "माझ्याजवळ रहमतबीची रजई हाय. बैलाजवळ न्हाई."

अशी ही बाई. जे गावात बनतं ते बाहेरून घरात येऊ द्यायचं नाही, हा तिचा खाक्या. शहरातला जावई दिवाळीला आला, तर त्याचे केससुद्धा तिनं गावातच कापायला लावले. लेक पुढं कितीतरी दिवस आईशी धड बोलली नाही.

रजईची गोष्ट मात्र जुनी. आक्का लग्न होऊन आली ती ऐन मार्गशीर्षात, दात वाजायच्या थंडीत. तेव्हा गावचा पिंजारी ताहेर, त्याची आई रहमतबी धनुकलीवर कापूस पिंजायची. ग्यानोबाच्या शेतातलाच कापूस पिंजून तिनं नव्या सुनेसाठी रजई भरली, अन् ओट्यावर शेजारी बसवून टाके घालायला शिकवलं. माहेर सुटल्यावर या गावात आक्काशी पहिल्यांदा कुणी पोटभर बोललं असेल, तर ती रहमतबी. पुढं ताहेरनं स्टँडजवळ पत्र्याच्या शेडात पिंजायची मशीन टाकली. थंडी पडली की तिची धडधड ऐकतच गाव उठायचं.

यंदा ती धडधड थांबली. भोंगा लावलेला एक टेम्पो गल्लोगल्ली ब्लँकेटं विकून गेला, अन् ताहेरच्या दारात कुणी गादी घेऊन फिरकेना. येळवसचा सण झाला की मशीन विकून आईला घेऊन नांदेडला जायचं, धाकट्या नबीलकडं, असं त्यानं ठरवलं. ते ऐकलं अन् आक्का भरल्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी घरातला कापूस बैलगाडीत घालून ती शेडात हजर. म्हणाली, आख्ख्या खोपीत मावंल एवढी मोठी गादी भरून दे.

ताहेर मान खाली घालून म्हणाला, "आक्का, दया करून राहिल्या काय?"

"दया कशाची? येळवसला ढेकळात बसून माझी कंबर धरती. लोकाइची बी धरत आसंल."

ग्यानोबानं ऐकून कपाळाला हात लावला. शेतात पूजेला चालली का झोपायला, म्हणून गावभर चेष्टा झाली. रहमतबीनं मात्र शेवटचे टाके स्वतः घातले.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावाला कुलूप अन् सारं गाव शेतात. कडब्याची खोप, तिच्यात चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे अन् बिंदगीच्या मडक्यातली ताकाची आंबील. बांधावरून जाणारा कोणीही असो, त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. आक्कानं पूजा उरकली, खोपीच्या तोंडाशी कोवळ्या उन्हात गादी अंथरली अन् पहिलं ताट रहमतबीला वाढलं.

मग येईल तो गादीवर. भज्जी पोटात, वरून आंबिलीचे दोन तांबे, पाठीवर ऊन अन् खाली नवा कापूस. जेवलेला माणूस उठायला तयार होईना. सगळ्यात मोठी गंमत केली शेजारच्या शेतातल्या सरजाबाईनं. टेम्पोवरून वाघाची दोन ब्लँकेटं घेऊन गावभर मिरवलेली हीच बाई. एवढं काय आहे बघू तरी, म्हणून ती जराशी आडवी झाली अन् घोरायलाच लागली. तिकडं तिच्या खोपीत चाकूरचे व्याही आले. भज्जी झाकलेली, बिंदगी भरलेली, अन् वाढणारीचा पत्ता नाही. येळवसच्या दिवशी पाहुणे उपाशी अन् घरधनीण दुसऱ्याच्या खोपीत गाढ झोपलेली! व्याही शोधत शोधत आले, तेव्हा कुठं तिला जाग आली.

पदर सावरत ती म्हणाली, "लई वंगाळ गादी हाय ही. माणसाला उठूच देईना."

सगळं रान हसलं. व्याहीबुवा गादी दाबून बघत राहिले. कुणी भरली म्हणून त्यांनी विचारलं, तर आक्का उठून उभी राहिली अन् ताहेरकडं हात करून म्हणाली, "आमच्या गावच्या माणसानं."

ताहेरनं मान वर केली. व्याह्यांनी चाकूरसाठी तिथंच दोन गाद्या सांगितल्या. मग घरच्या, कापसाचे गोळे झालेल्या गाद्या आठवून बायाही त्याच्याभोवती जमल्या. संध्याकाळी शेताभोवती टेंभे फिरले, तेव्हा पहिला टेंभा ग्यानोबानं ताहेरच्याच हाती दिला.

मशीन न्यायला नांदेडहून गिऱ्हाइकाची गाडी आली, तर शेडात पाऊल ठेवायला जागा नव्हती. दारापासून मशीनपर्यंत गावच्या जुन्या गाद्या. ताहेरनं ड्रायव्हरला चहा पाजला अन् गाडी रिकामी परत पाठवली.

त्या सकाळी आक्का शेण काढत होती. स्टँडकडून धडधड ऐकू आली, तशी ती पाटी खाली ठेवून कंबर ताठ करून उभी राहिली. समोरून सरजाबाईची बैलजोडी पाण्यावर निघाली होती. दोन्ही बैलांच्या पाठीवर एकेक वाघ.