पिकल्या सुपारीचा रंग

केस रंगवायचे ते पितृपक्षातच, हे मी आधीच ठरवलं होतं, आणि त्यात बंड वगैरे काही नव्हतं. नागावला आमच्या वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. गणपतीपर्यंत माणसं असतात, दसऱ्यापासून पुन्हा यायला लागतात, आणि मधल्या पंधरवड्यात आमच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अलिबागच्या पार्लरमध्येही तेच. पक्षात कुणी नवीन काही करत नाही, त्यामुळे खुर्च्या रिकाम्या आणि रंग लावणारी मुलगी मोबाइल बघत बसलेली. एरवी तिथे अर्धा दिवस ताटकळावं लागतं. मी चाळिशी कधीच ओलांडलेली बाई आहे, मला ताटकळायची हौस नाही.

मुलीनं रंगांचं कार्ड पुढे केलं. केसांचे छोटे छोटे झुपके आणि खाली कसल्या कसल्या दारूंची आणि सुक्या मेव्याची नावं. मी पर्समधून एक सुपारी काढून टेबलावर ठेवली. सकाळी वाडीत पडलेली, सालासकट, मोसमातली पहिली पिकलेली, केशरीलाल. म्हटलं, हा रंग. तिनं सुपारीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. म्हणाली, ताई, तुमच्या वयाला ब्राऊन बरा दिसतो, आणि शिवाय पक्ष चालू आहे ना? मी सांगितलं, वय माझं आहे, पक्ष माझ्या बाबांचा आहे, तू रंग कालव.

रंग लावणं सोपं, तो टिकवणं महाकर्मकठीण. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यानं दोन धुण्यांत केस फिके पडतात. म्हणून मी परतीच्या पावसाचं पाणी पिंपात धरलं आणि त्यावर झाकण ठेवून बजावलं की हे फक्त माझ्या डोक्यासाठी. चुलीजवळ जाताना टॉवेल गुंडाळायचा, दुपारी उन्हात जायचं नाही, समुद्रात तर नाहीच. दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईनं विचारलं, "डोक्यावर कोलंबी उकडलीस काय?" मी म्हटलं, हो, सोलून देऊ का? दोघी खूप हसलो.  आईनं मात्र माझ्या उशीचा पांढरा अभ्रा काढून काळपट निळा घातला.

बाबांचा म्हाळ त्याच आठवड्यात होता. दर वर्षी त्या दिवशी आत्या दिघीहून येते. फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरायचं आणि तिथून मुरूडवरून बस. आत्या बाबांहून मोठी. तिनं त्यांना कडेवर वागवलं होतं, त्यामुळे बाबांवर पहिला हक्क आपला, असं तिला वाटतं आणि ते मला समजतं. मी एकुलती एक मुलगी. बाबा गेल्यापासून पान मीच ठेवते, आणि हे तिला पहिल्या वर्षापासून खुपतं आहे. त्या दिवशी तिनं पायरीवर एक चप्पल काढली, वर पाहिलं आणि दुसरी चप्पल काढायची विसरली.

जेवण आईनं सगळं बाबांच्या आवडीचं केलं होतं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी. केळीच्या पानावर वाढून मी ते न्हाणीघराच्या पत्र्यावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. कावळे होते, नारळावर चांगले चार-पाच बसले होते. एरवी सुकत घातलेले बोंबील पळवणारे हे दरोडेखोर, त्या दिवशी मान वाकडी करून बघत राहिले. खिरीवर साय धरली. वडे थंड झाले.

आत्या ओट्यावर बसून होती. शेवटी तिनं तोंड उघडलं.

"तो बघतोय. पन वळखत न्हाय तुला. सांग त्याला, दसऱ्याच्या आत केस काळे करते म्हनून. तवाच येल तो. न्हायतर पुढल्या सालापासून म्हाळ माझा पोरगा घालील. तुझ्या हातचं तो घेनार न्हाय."

केसांवरून कुणी काहीही बोललं असतं तरी मी गिळलं असतं. पण बाबा माझ्या हातचं घेणार नाहीत, हे माझ्या छातीत लागलं.  आत्या पुढे म्हणाली की तिच्या भावाचे केस मरेपर्यंत काळेभोर होते, आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत, आणि त्याच्याच पोरीनं हे असलं करावं.

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी आईकडे. कारण घराण्यात पिकत नसलेले ते केस तिशीतच पांढरे झाले होते, हे आम्हा दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दर महिन्याला एका रविवारी बाबा फाटकं बनियन घालून विहिरीमागे बसायचे. करवंटीत काळी पूड कालवायची आणि जुन्या टूथब्रशनं लावायची. मागचं त्यांना दिसायचं नाही, म्हणून ते काम पाचवीत असल्यापासून माझ्याकडे. "कान सांभाळ," एवढंच म्हणायचे, आणि बाहेर बोलायचं नाही अशी तंबी. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातून घरी आले ते भांगात पांढरी रेघ घेऊन. त्यांनी आधी औषधं मागितली नाहीत, करवंटी मागितली. उठून बसता येत नव्हतं. मी मांडीवर डोकं घेऊन रंग लावला. काळ्याभोर केसांनी ते गेले, आणि तो काळा रंग माझ्या हातचा होता.

हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. एका वाक्यात आत्या गप्प झाली असती. पण बाबांनी तंबी दिली होती, आणि माझ्या केसांसाठी त्यांचे केस उघडे पाडायला मी तयार नव्हते. मी न्हाणीघराजवळ गेले, पत्र्याकडे तोंड केलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाबा, केस असेच राहणार. जेवायचं असेल तर या. नाहीतर गाईला घालते."

कुणी आलं नाही. आत्यानं कपाळावर हात मारला. तिला संध्याकाळची फेरीबोट गाठायची होती, तेव्हा अखेर आम्ही पानं वाढली आणि जेवलो. निघताना आईला ती म्हणाली की वयनी, पुढल्या साली मी पोराला घेऊनच येते, तयारीत राहा. मग तिला बस थांब्यावर सोडायला मीच गेले. स्कूटरवर मागे बसून तिनं माझी कंबर घट्ट धरली होती आणि वाऱ्यानं माझे सगळे केस तिच्या तोंडावर येत होते. मी ते मुद्दाम बांधले नव्हते.

परत आले तर आई मागच्या पायरीवर बसली होती. तिनं बोट ओठांवर ठेवलं. पत्र्यावर एक कावळा होता. वडा पायाखाली धरून तो निवांत तोडत होता. खीर चाटून पुसून संपवलेली. मला एकदम रडू आलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही, पण त्या क्षणी माझे बाबा जेवत होते.

आई म्हणाली, "फोन कर तिला. बसमधी असंल. सांग, शिवला म्हनून."

मी फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. म्हटलं, नाही सांगायचं. आज कावळ्यानं हो म्हटलं म्हणून केस ठेवायचे, तर उद्या त्यानं नाही म्हटलं की काळे करायचे का? मला कावळ्याची शिफारस नको. तूही सांगू नकोस.

 आई उठून भांडी आवरायला गेली.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या भांगात पांढरी रेघ दिसायला लागली. खोल्या भरल्या होत्या, पार्लरला जायला सवड नव्हती. एका दुपारी आईच विहिरीमागे करवंटी घेऊन आली आणि म्हणाली, बस, मागचं तुला दिसायचं न्हाय. ती ब्रश फिरवत असताना आत्याचा फोन आला. फराळाचं विचारून झालं, भाताची कापणी झाली का ते झालं, मग तिनं हळूच विचारलं की डोक्याचं काय केलंस.

"रंगवत्येय, आत्या. तोच रंग आहे. पुढच्या वर्षी तुझ्या मुलाला घेऊन ये, त्यालाही वाढीन. पण पान मीच ठेवणार."

 आईनं माझं डोकं पुढे वाकवलं आणि कान सांभाळत ती रंग लावत राहिली.