मिलानच्या स्टेशनावरची हाक

आमच्या ह्यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. वाचणाऱ्याने खुशाल हसावं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही इतकं पुटपुटत की पंगतीतल्या बायकांनी पुन्हा घ्यायला लावलं. उखाण्यातलं चालतं, चार माणसांत मानाने घेतलेलं असतं. पण एरवी तोंडाने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं माझ्या आईने कल्याणहून मला सासरी पाठवताना बजावलं होतं. मी मॅट्रिक झालेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास होता अशातला भाग नाही. पण उगाच परीक्षा कशाला बघा?

ह्यांना मात्र ते खुपायचं. ठाण्यात संध्याकाळी आम्ही तलावपाळीवर फिरायला जायचो. मी चालताना मागे पडले की 'अहो' म्हणून हाक मारायची. हे म्हणायचे, तुझ्या एका 'अहो'ला दहा पुरुष मागे वळतात, त्यातला मी कोण ते तरी सांग. मी म्हणायची, वळू देत दहा, माझा कुठला ते मला कळतं. विषय तिथेच मिटायचा, पण त्यांच्या मनातून जायचा नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. हे यंत्रांचे इंजिनियर, त्यांना कारखान्याने मँचेस्टरला शिकायला पाठवायचं ठरवलं. आळीतल्या शहाण्यांनी लगेच सल्ले दिले, बायकोला कशाला नेतोस, ती तिथे करणार काय? ह्यांनी एकच उत्तर दिलं, की परत येताना रोम आणि फ्लॉरेन्स बघायचंय आणि ते एकट्याने बघण्यात मला गोडी नाही. माझ्या बोटीच्या भाड्यासाठी मी पाटल्या काढून दिल्या तेव्हा सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण निघायच्या दिवशी त्यांनीच हातावर दही घातलं आणि ट्रंकेत भाजणीचा डबा कोंबला.

मँचेस्टरला ह्यांचा कॉलेजातला मित्र होता, मूळ कल्याणचाच. त्याची बायको तिथली, मडम. इतकी मायाळू बाई मी पुन्हा पाहिली नाही. थंडीत मला आपला लोकरी कोट दिला, बसने हिंडायला शिकवलं, माझ्या हातचं थालीपीठ बोटं चाटत खाल्लं. ती नवऱ्याच्या चांगल्या भारदस्त नावाचा अर्धा तुकडा मोडून त्याला स्वयंपाकघरातून हाका मारायची आणि तो 'आलो, आलो' करत धावायचा. प्रत्येक हाकेला आमचे हे माझ्याकडे बघायचे. पुढे मडमेला कळलं की मी नवऱ्याचं नावच घेत नाही. तिला वाटलं, मी ह्यांना भिते. तिने ह्यांना एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलंही, तुम्ही घरी फार कडक आहात का? हे कानापर्यंत लाल झाले. मी पोट धरून हसले. आमच्या घरात कोण कुणाला भितं ते आमच्या दूधवाल्याला विचारा म्हणावं.

शिक्षण संपलं आणि आम्ही चौघं मिळून इटलीला निघालो. मित्र आणि मडम आम्हाला जिनोआला बोटीवर सोडून परतणार होते.

काय सांगू त्या गावांचं! रोममध्ये रस्त्यारस्त्यावर कारंजी, आणि पाणी दिवसभर आपलं वाहतंय. सकाळी नळाशी बादल्या लावून उभी राहणारी मी, माझा तर जीव तुटायचा. दोन हजार वर्षांच्या भिंती, आणि त्यांच्या सावलीत माणसं भाजी विकताहेत. ह्यांचं लहानपण आजोळी, कल्याणच्या खाडीवरच्या पडक्या किल्ल्यात सूरपारंब्या खेळण्यात गेलेलं. रोमचं ते मोठं गोल प्रेक्षागार बघताना एका दगडावर हात ठेवून हे कितीतरी वेळ उभे राहिले. म्हणाले, इथल्या लोकांनी स्वतःचे दगड जपले बघ. त्या क्षणी मला ह्यांचा इतका अभिमान वाटला! दुसरा कुणी असता तर फोटो काढून पुढे गेला असता.

फ्लॉरेन्सला आमचं वाजलं. नदीवर जुना पूल आहे, दोन्ही बाजूंनी सोनारांची दुकानं. मित्र आणि मडम पुढे गेले होते. हे कठड्याला टेकून म्हणाले, "इथे आपल्या ओळखीचं कुणी नाही. एकदा माझं नाव घे. तुझ्या तोंडून ते कसं वाटतं, एवढंच ऐकायचंय."

मागणी काही फार नव्हती. मला सगळं जग दाखवणाऱ्या माणसाने एक शब्द मागितला होता. मी तोंड उघडलं आणि आईचा चेहरा समोर आला. म्हटलं, तेवढं सोडून काहीही मागा. हे मिलान येईपर्यंत गाल फुगवून बसले. मीही काही कमी नाही, मीही खिडकीबाहेर बघत बसले. पण आतून वाईट वाटत होतं.

मिलानला जिनोआची गाडी बदलायची होती, आणि बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती. ते स्टेशन कसलं, राजवाडाच! वर लोखंडी कमानी, भिंतींवर दगडी घोडे. सामान उतरवलं, मित्र हमालाबरोबर पुढे गेला आणि वळून बघते तर हे गायब. कॅमेरा घेऊन कुठल्यातरी कमानीखाली गेले असणार. तिकिटं, पासपोर्ट सगळं त्यांच्या कोटात. मी आणि मडम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावलो. माणसांचा नुसता पूर. गाडीत लोक चढायलाही लागले.

मडमेने मला ओढत कचेरीत नेलं. तिथल्या साहेबाने कर्ण्यावरून दोनदा इटालियनमध्ये पुकारा केला. कुणी आलं नाही. आपल्याच नादात असलेला माणूस, परक्या भाषेतला गलका कशाला ऐकतोय! मग मडमेने साहेबाला काय सांगितलं कोण जाणे, त्याने बोलायचं यंत्र माझ्यापुढे सरकवलं. मडम म्हणाली, तू बोलाव, नाव घेऊन बोलाव. माझ्याही मनाने घेतलं, आता घ्यायचं. नाव अगदी ओठांवर आलं. आणि त्या एवढ्या मोठ्या स्टेशनात माझा आवाज घुमला,

"अहो! ऐकलंत का? गाडी सुटतेय. मोठ्या घड्याळाखाली या."

आम्ही घड्याळाखाली पोचतो तोच गर्दी कापत हे पळत येताना दिसले, टोपी हातात, कॅमेरा पोटावर आपटतोय. मी रडायच्या बेतात आणि हे हसताहेत. गाडीत बसल्यावर धाप ओसरली तेव्हा म्हणाले, एवढ्या गर्दीत एकटा मी वळलो. त्यानंतर त्यांनी नावाचा हट्ट कधीही धरला नाही. बोटीवर डेकवर सगळ्यांना तो किस्सा सांगत सुटले, आणि दर वेळी स्टेशन थोडं मोठं होत गेलं.

ठाण्याला परतल्यावर दोनेक वर्षांनी ह्यांना विषमज्वर झाला. ताप उतरेना. एक दिवस दुपारी डोळे मिटले ते उघडेनात. पाणी ओठांतून बाहेर यायला लागलं. सासूबाई देवापाशी बसल्या. डॉक्टरांनी नाडी बघितली, पापण्या वर करून पाहिल्या आणि मला म्हणाले, तुम्ही हाका मारा, नाव घेऊन मारा, मोठ्याने. माणूस आपल्या नावाला ओ देतो.

आई गं! आयुष्य कमी होतं म्हणून जे कधी घेतलं नाही, ते आता आयुष्यासाठीच घ्यायचं? मी पदर खोचला आणि घेतलं. स्पष्ट, मोठ्याने, पूर्ण नाव. सासूबाईंची जपमाळ थांबली. ह्यांची पापणीसुद्धा हलली नाही. पुन्हा घेतलं. काही नाही. आपणच ह्यांना संपवलं असं वाटलं. डॉक्टरांची लाज सोडली, ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

ह्यांनी डोळे उघडले.

बरं व्हायला पुढे महिना-दीड महिना गेला. एका सकाळी मी उशाशी बसून मोसंबं सोलत होते. हे बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग बारीक आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तू माझं नाव घेतलंस. ऐकलं होतं मी."

मी चमकले. मग डोळे का नाही उघडलेत, म्हटलं, माझा जीव चालला होता इथे!

"मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत."

मी मोसंब्याची साल त्यांच्या अंगावर भिरकावली आणि पदरात तोंड घालून खूप रडले.