निकासियोमामाची खोटी हाक

आमच्या निकासियोमामाला प्रश्न फार. चौऱ्याहत्तरावं लागलं तरी खोड गेली नाही. पाव आणायला पाठवावा तर बेकरीवाल्याला विचारत बसतो, "खमीर थंडीत झोपतं का रे?" आणि पाव तिथेच विसरून येतो. एक प्रश्न मात्र त्याने जन्मात कुणाला विचारला नव्हता. तो मला गेल्या जानेवारीत कळला.

आमच्या काबो पोलोनियो गावाच्या समोरच्या बेटांवर जे प्राणी लोळत असतात त्यांना पुस्तकात समुद्रसिंह म्हणतात. आम्ही लांडगे म्हणतो. आयाळवाला धटिंगण नर तो 'टोपवाला'. मामा सोळाव्या वर्षापासून लांडगेवाला, म्हणजे बेटावर जाऊन सोटा चालवणारा. कातडं आणि तेल यांवर अख्खं गाव जगलंय, तेव्हा इथे कुणी नाक मुरडू नये. सरकारने शिकार बंद केली, त्यानंतर मामा मासे धरू लागला.

मामाचं नाव होतं ते त्याच्या हाकेमुळे. लांडगीण दोन-तीन दिवस समुद्रात मासे खाऊन परतते आणि काठावरून हाका मारते. शेकडो पिलांतून तिचं एकच ओ देतं. ती त्याला हुंगते, मग पाजते. दुसऱ्याचं पिलू लुचायला आलं तर चावून हाकलते. मामा एकेका पिलाकडे दोन-दोन दिवस कान लावून बसायचा आणि त्याचा आवाज हुबेहूब उचलायचा. आई त्याच्याकडे यायची, आणि सोटा पडायचा. गुत्त्यात त्याला ही हाक काढायला लावून लोक टाळ्या पिटायचे.

एकदा त्याने ती घरात काढली. एउलालियामामीच्या मांडीवर पहिलं बाळ होतं. ती म्हणाली, "पुन्हा कुठेही हा आवाज काढलास तर मी माहेरी गेले म्हणून समज." मामाने शब्द दिला. मामी देवाघरी जाऊन नऊ वर्षं झाली, पण शब्द तसाच होता.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, रोमिना माझ्या स्वयंपाकघरात येऊन टेकली. ती लांडग्यांचा अभ्यास करते आणि दर उन्हाळ्यात माझ्याकडे खोली घेते. तोंड उतरलेलं होतं. बेटावरच्या एका लांडगिणीच्या गळ्यात प्लास्टिकची पट्टी अडकली होती, खोक्याला बांधतात तसली, आणि ती मांसात रुतत चालली होती. पिलू तीन आठवड्यांचं.

"ती मेली की पिलूही गेलं," रोमिना म्हणाली. "दुसरी कुणी पाजणार नाही. जवळ जावं तर सगळा कळप समुद्राकडे धावतो आणि पिलं तुडवली जातात. तिला बाजूला काढायचं म्हणून पिलाचा आवाज यंत्रावर वाजवला. तिने मान वर केली आणि तोंड फिरवलं."

"यंत्राला थांबता येत नाही," कोपऱ्यात बसलेला मामा माटेचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, भोपळा खाली ठेवत म्हणाला. "ती बोलली की मगच आपण बोलायचं. मध्येच तोंड घातलं की खोटं पडतं."

"मग तुम्हीच चला ना, काका."

मामाने भिंतीवरच्या मामीच्या फोटोकडे हनुवटी केली. "शब्द दिलाय."

मी कसली गप्प बसते! "मामा, मामीने तुझं तोंड बंद केलं ते आया मरायच्या म्हणून. आता तुझ्या गप्प बसण्याने एक मरतेय. ती असती तर लाटणं घेऊन तुला होडीत बसवला असता."

"तोंड आहे का भोंगा, देल्मिरा?" मामा म्हणाला. पण सकाळी बूट घालून धक्क्यावर आमच्या आधी हजर.

वारा तोंडावर घेऊन तो कळपापासून लांब, एका सपाट खडकावर पालथा पडला. दोन दिवस नुसता ऐकत होता. मी डबा पोचवायला जात होते, खरं तर नको तिथे नाक खुपसायला. तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती आली. गळ्याभोवती लाल खाच दिसत होती. तिने हाक मारली आणि पिलाच्या आधी मामाने ओ दिली. माझ्या अंगावर काटा आला. ती थांबली, पुन्हा बोलली. मामा बोलला. असं चारदा झालं आणि ती सरळ त्याच्याकडे सरकत आली. तिने हुंगायला मान लांब केली तेवढ्यात खडकाआड लपलेल्या रोमिनाच्या माणसांनी जाळं टाकलं. कात्री चालली, पट्टी तुटली. जाळं काढताच तिने पाण्यात उडी घेतली.

आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या, मग सगळ्यांच्या मनात एकच आलं. घाबरून ती परत आलीच नाही तर?

रोमिना म्हणाली, "काका, पुन्हा बोलवा."

"नाही," मामा म्हणाला. "आता नाही."

दोन तास गेले. पिलू ओरडून ओरडून थकलं. मला रडू यायला लागलं होतं, कारण मीच त्याला इथे आणला होता. मग लाटेतून एक डोकं वर आलं. ती खडकावर चढली, मामाच्या दिशेने नाक वर करून वास घेतला, दात दाखवले आणि पाठ फिरवली. कळपाकडे तोंड करून तिने हाक मारली. मामाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. गर्दीतून बारीक ओ आली. ती टोपवाल्यांना ढकलत गेली, पिलाला हुंगलं आणि त्याला पाजायला आडवी झाली.

मामाचे खांदे हलत होते. मी शेजारी बसले.

"काय झालं रे?"

"आई येते, वास घेते, आपलं पिलू नाही हे तिला कळतं. त्यानंतर ती काय करत असेल, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही, देल्मिरा. एकीलाही तेवढा वेळ दिला नाही मी."

त्याने नाक पुसलं.

"पुन्हा हाका मारते गं ती."