वाजत राहिलेला नंबर

कारखान्यात सगळे तिला फोनवहिनी म्हणत. तोंडावरसुद्धा. तिला राग येत नसे, किंवा आला तरी ती दाखवत नसे.

कारखाना स्टीलची सिंक आणि कठडे बनवणारा. वेल्डिंग झालं की सांध्यावर काळे-निळे डाग उरतात; ते घालवायला ॲसिडचं पाणी लागतं, आणि ते कॅनमधून येतं. कॅनबरोबर त्याची सेफ्टी शीट येते. आत काय आहे, अंगावर पडलं तर काय करायचं, पुरवणारा कोण, अडचणीच्या वेळी फोन कुठे करायचा, असं सगळं त्यात असतं. फोनवहिनी स्टोअर सांभाळायची. नवा कॅन आला की तो फाटकाजवळ पत्र्याखाली ठेवून घ्यायची, शीटवरचा अडचणीचा नंबर फिरवायची, आणि पलीकडून माणूस बोलल्याशिवाय कॅन आत सोडायची नाही.

"वहिनी, सोयरीक जमवताय का कॅनची?" वेल्डर विचारायचा. "घराणं कसं आहे, मुलगा काय करतो?"

"तुझ्या वेळी तुझ्या सासऱ्यानं एवढी चौकशी केली असती, तर त्या पोरीचं भलं झालं असतं," ती म्हणायची. सगळे हसायचे.

ती फोन का लावते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. डाग काढण्याचं काम आधी तिचा नवरा करायचा. एकदा कॅन उचलताना झाकण निसटलं आणि पाणी त्याच्या मांडीवर सांडलं. धुतलं, लाली आली, बस. तो थट्टाही करत होता. मग दुखणं हाडात शिरलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "नुसतं ॲसिड म्हणू नका. कोणतं ॲसिड ते सांगा, त्यावर उपचार ठरतो." कॅनवर लिहिलं होतं, चमक. शीटवर लिहिलं होतं, औद्योगिक मिश्रण. राहिला तो अडचणीचा नंबर. काउंटरवरचा फोन घेऊन ती अख्खी दुपार तो फिरवत राहिली. पलीकडे घंटी वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. कुणी उचलला नाही. दिवेलागणीला नवरा गेला. पुढे चौकशी झाली, तेव्हा शीटवरच्या पत्त्यावर पंक्चरचं दुकान निघालं, आणि चौकशी तिथेच थांबली.

मालकांनी तिला स्टोअरमध्ये घेतलं. पण ती घंटी तिच्या कानातून गेली नाही. भांडी घासताना, वेणी घालताना, कुठेही ती सुरू व्हायची. घरचा फोन वाजला की पहिली घंटी पुरी व्हायच्या आत ती उचलायची. घरात इतर कुणाला तो उचलायचा धीरच होत नसे.

आता डागांचं काम तिचा दीर करतो. अंगकाठी भावासारखीच. पाठमोरा वाकून हातमोजे चढवत असला की ती नजर वळवते.

त्या दिवशी सकाळी 'शुभ्रा' नावाचा नवा कॅन आला. बाहेर डाग काढायची राहिलेली सिंक रचलेली, ती न्यायला ट्रक उभा.

"वहिनी, देता ना?" दीर म्हणाला.

"थांब जरा."

मालक शीट चाळत होते. "सगळे भाग भरलेत. सौम्य आम्ल आहे. कंपनीसुद्धा नवी दिसते. सोडा आत."

"एक फोन करते, साहेब."

तिनं शीट समोर धरली आणि नंबर फिरवायला घेतला. पहिले आकडे तिनं वाचून दाबले. पुढचे वाचायच्या आधीच बोटानं दाबले. तिनं हात मागे घेतला, शीटवर पाहिलं. बरोबर होते. कॅनवरचं नाव वेगळं, कंपनी वेगळी, पत्ता वेगळा. नंबर तोच.

घंटी वाजू लागली. तीच, लांब लांब. ती स्टुलावर बसली.

आणि पलीकडे फोन उचलला गेला.

"हॅलो?" म्हातारीचा, बारीक आवाज. "कोण हवंय?"

या नंबरच्या माणसाला काय काय ऐकवायचं ते तिनं किती वर्षं घोकलं होतं. त्यातलं काही तोंडातून निघेना.

"आजी," ती म्हणाली, "हा नंबर ॲसिडच्या कागदावर आहे."

"मुलाचा धंदा आहे तो. उचलू नकोस म्हणतो मला. आज बाहेर गेलाय. फार वेळ वाजला की राहवत नाही गं बाई. मागे एकदा असाच वाजत होता, दुपारभर. तो समोर बसून राहिला. म्हणाला, वाजू दे."

फोनवहिनीनं हातातली शीट मांडीवर उलटी ठेवली.

"आहेस का गं?"

"आहे. आजी, मुलगा कॅन कशातून भरतो?"

"मागच्या पडवीत निळी पिंपं आहेत. डोळे चुरचुरतात माझे."

"पिंपावर काय चिकटवलंय ते वाचाल? पण दारातूनच. हात लावायचा नाही."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं फरफटत लांब गेली. मग त्या घराची शांतता ऐकू येऊ लागली. एक घड्याळ, कुठेतरी नळ. हे सगळं तेव्हाही तिथे होतं, तिच्या मनात आलं. तेव्हाची घंटी त्याच खोलीत वाजत होती.

पावलं परत आली. "लाल चौकटीत कवटी आहे. दुसऱ्या चौकटीत हात, त्यावर थेंब पडतोय, हात खाल्लेला. आणि नाव…" म्हातारी अक्षरं जुळवत गेली. "हाय-ड्रो-फ्लो-रिक." त्याखालचं मूळ कारखान्याचं नाव आणि फोन नंबरही तिनं वाचून दाखवला.

नाव. डॉक्टरांनी एवढंच मागितलं होतं.

"आजी, पडवीचं दार लावून घ्या. आत जाऊ नका. मी परत फोन करते."

"कर हो. मी उचलेन."

मूळ कारखान्यानं दुसऱ्या घंटीला फोन घेतला. कंटाळलेल्या आवाजात एक जण म्हणाला की हे हाडापर्यंत जातं, कॅल्शियमचं मलम हाताशी ठेवल्याशिवाय पिंप उघडायचंसुद्धा नाही, शीट पाठवतो. मालकांनी ती उभ्यानं वाचली आणि ट्रक रिकामा परत पाठवला. मग त्यांनी फॅक्टरी इन्स्पेक्टरला फोन करून नंबर सांगितला. दिरानं हातमोजे काढून खुंटीला अडकवले.

दुपारी तिनं पुन्हा तो नंबर लावला. मुलगा परत आला का, दार लावलंत का, एवढंच विचारायचं होतं.

घंटी वाजत राहिली. इतकी वर्षं त्या टोकाला नुसता काळोख असायचा. आता तिला घड्याळ दिसत होतं, टेबल दिसत होतं, टेबलाशी बसलेली म्हातारी आणि तिच्या समोर बसलेला माणूस.

"वहिनी, ठेवा आता," दीर दारातून म्हणाला. "इन्स्पेक्टर जातीलच तिकडे."

"थांब," ती म्हणाली. "वाजतोय अजून."